भ्यालेल्या राजधान्या

बोस्नियाच्या पश्चिमेला, ग्राहोव्होच्या उंच खोऱ्यात, ओब्ल्याय नावाचे गाव आहे. तिथल्या प्रिन्सिप कुटुंबाचे घर म्हणजे मातीची जमीन, मधोमध उघडी चूल आणि धूर जायला छपरात ठेवलेले भोक. या घरात नऊ मुले जन्मली, त्यांतली सहा लहानपणीच गेली. वाचलेल्या तिघांपैकी एक गाव्रिलो. बाप पेतार शेती करी आणि जोडीला टपाल पोचवी. कसत होता ती जमीन त्याची नव्हती. बोस्नियात अशा शेतकऱ्याला 'क्मेत' म्हणत, आपल्या भाषेत कूळ. पिकाचा तिसरा हिस्सा जमीनमालकाचा, दहावा हिस्सा सरकारचा, आणि उरेल त्यात घरची तोंडे.

१८७८ च्या बर्लिन परिषदेत युरोपातल्या सत्तांनी बोस्नियाचा कारभार तुर्की सुलतानाकडून काढून ऑस्ट्रिया-हंगेरीकडे सोपवला. नव्या राज्यकर्त्यांनी रस्ते बांधले, रेल्वे आणली, शाळा काढल्या. मालक आणि कूळ यांच्यातल्या व्यवहाराला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण जमीनमालकांचा पाठिंबा त्यांना हवा होता. १९०८ मध्ये त्यांनी हा प्रांत साम्राज्याला जोडूनच टाकला. १९११ मध्ये कुळांसाठी कायदा आला, तो असा की कुळाने जमीन विकत घ्यावी, पण मालक राजी असेल तर. गाव्रिलो तोवर शिकायला सारायेव्होला गेला होता. २८ जून १९१४ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने साम्राज्याचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. खटल्यात त्याने आपण शेतकऱ्याचा मुलगा असल्याचे सांगितले आणि खेड्यांत काय चालले आहे ते आपल्याला ठाऊक आहे, असेही. वय वीसच्या आत म्हणून कायद्याने त्याला फाशी देता आली नाही. १९१८ च्या एप्रिलमध्ये तेरेझिनच्या तुरुंगात तो क्षयाने मेला.

पहिल्या महायुद्धाची हकीकत बहुतेक पुस्तकांत या दोन गोळ्यांपासून सुरू होते. ठिणगी पडली आणि कोठार पेटले, असे एक वाक्य शाळेपासून आपल्या कानावर असते. मला ते वाक्य पटत नाही, कारण ठिणग्या आधीही पडल्या होत्या. मोरोक्कोवरून १९०५ मध्ये आणि पुन्हा १९११ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स हातघाईवर आले होते. १९०८ मध्ये बोस्निया गिळला गेला तेव्हा रशिया दात-ओठ खात बसला. १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन अख्खी युद्धे झाली, सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला, तरीही बड्या सत्ता एकमेकींच्या अंगावर गेल्या नाहीत. प्रत्येक वेळी कोणीतरी एक पाऊल मागे घेतले. १९१४ मध्ये ते कोणीच का घेतले नाही, याचे उत्तर सारायेव्होच्या रस्त्यात सापडत नाही. ते राजधान्यांमध्ये शोधावे लागते, आणि शोधत गेले की प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट हाताला लागते: भीती. शेजाऱ्याची भीती, आपल्याच प्रजेची भीती, आणि सर्वांत जास्त, येणाऱ्या दिवसांची भीती.

सुरुवात व्हिएन्नापासून करू. ऑस्ट्रिया-हंगेरी हे पाच कोटी लोकांचे राज्य होते. त्यात जर्मन, हंगेरियन, चेक, पोल, स्लोव्हाक, क्रोएट, सर्ब, रुमेनियन, युक्रेनी, स्लोव्हेन, इटालियन असे सगळे होते. १८६७ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफने हंगेरियन सरदारांशी तह करून राज्याचे दोन भाग पाडले. एका भागात जर्मन भाषकांचा वरचष्मा, दुसऱ्यात हंगेरियनांचा. राज्यात स्लाव लोक निम्म्याच्या घरात होते. त्यांच्या वाट्याला काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. व्हिएन्नाच्या संसदेत सभासदांना आपापल्या भाषेत बोलण्याची मुभा होती, पण दुभाषे नव्हते. चेक सभासदाचे भाषण शेजारच्या बाकावरच्या जर्मन सभासदाला कळत नसे, आणि तासन्‌तास चालणाऱ्या या भाषणांनी कामकाज अडवता येई. डेस्क आपटणे, शिट्ट्या, हाणामारी हे नित्याचे झाले. मार्च १९१४ मध्ये पंतप्रधान श्ट्युर्ख याने ही संसदच स्थगित केली. म्हणून जुलैमध्ये सर्बियाशी युद्ध करायचे की नाही हे ठरत होते, तेव्हा व्हिएन्नाच्या संसदेला कुलूप होते. युद्ध सुरू झाल्यावर त्या देखण्या इमारतीत जखमींचे इस्पितळ थाटले गेले.

अशा राज्याच्या दाराशी सर्बिया होता. लहान आणि गरीब, पण स्वतंत्र. दक्षिणेकडच्या स्लावांना तो खुणावत होता. व्हिएन्नाचा सरसेनापती कोनराड याला त्यावर एकच औषध दिसे. एकट्या १९१३ सालात त्याने सर्बियाविरुद्ध युद्धाची मागणी पंचवीस वेळा केली. त्याला सतत अडवणारा माणूस कोण, तर युवराज फ्रान्झ फर्डिनांड. सर्बियाशी लढलो तर रशिया उतरेल आणि दोन्ही सिंहासने जातील, हे त्याला स्वच्छ दिसत होते. प्रिन्सिपच्या गोळीने व्हिएन्नाला युद्धाचे निमित्त मिळालेच, शिवाय युद्धाला नको म्हणणारा सर्वांत वजनदार माणूसही गेला. २३ जुलैला सर्बियाला दहा मागण्यांचा खलिता गेला, मुदत अठ्ठेचाळीस तासांची. सर्बियाने जवळजवळ सगळे मान्य केले. तरी २८ जुलैला युद्ध पुकारले गेले, कारण मान्यता नकोच होती.

व्हिएन्ना एकट्याने हे धाडस करणे शक्य नव्हते. ५ जुलैला बर्लिनने शब्द दिला होता की काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. हा शब्द का दिला गेला, हा या सगळ्या हकिकतीतला सर्वांत कठीण प्रश्न आहे.

१९१४ चा जर्मनी हे युरोपातले सर्वांत जोमदार राष्ट्र होते. १८७१ मध्ये एकीकरण झाले तेव्हा लोकसंख्या चार कोटींच्या थोडी वर होती, ती साडेसहा कोटींच्या पुढे गेली. ब्रिटनच्या दुपटीहून जास्त पोलाद तिथे ओतले जात होते. रसायने, विजेची यंत्रे, विद्यापीठे या सगळ्यांत जर्मनी पुढे होता. अशा देशाने भ्यावे कशाला? पण कारखान्यांबरोबर कामगार वाढले आणि कामगारांबरोबर त्यांचा पक्ष. १९१२ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्षाला सुमारे साडेबेचाळीस लाख मते पडली, ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या, आणि तो संसदेतला सर्वांत मोठा पक्ष झाला. सत्ता मात्र त्याच्या हाती जाणार नव्हती. सरकारचा प्रमुख असलेला चॅन्सेलर संसदेला नव्हे, कैसरला, म्हणजे सम्राटाला, जबाबदार होता. प्रशियात तर कराच्या रकमेनुसार मतदारांचे तीन वर्ग पाडलेले होते. मोजके श्रीमंत, थोडे मध्यम आणि बाकी सारे, असे तीन गट, आणि तिघांच्या मतांना सारखेच वजन. एसेन शहराच्या काही नगर निवडणुकांत पहिल्या वर्गात एकच मतदार होता, तोफा ओतणारा कारखानदार क्रुप. एका माणसाचा कौल हजारो कामगारांच्या कौलाइतका भरे.

ही व्यवस्था पूर्वेकडचे मोठे जमीनदार आणि पश्चिमेकडचे पोलाद कारखानदार यांच्या युतीवर उभी होती. १८७९ मध्ये परदेशी धान्यावर आणि परदेशी लोखंडावर एकदमच जकात बसली, तिथे या युतीची गाठ पडली. जकातीमुळे कामगाराची भाकरी महागली आणि रशियाच्या धान्याला जर्मन बाजार जड गेला, म्हणजे घरात आणि शेजारी, दोन्हीकडे राग साचला. घरातला राग वळवायला राष्ट्राभिमानाचे काही भव्य काम हवे होते. आडमिरल टिर्पिट्झचे आरमार त्यासाठी सोयीचे ठरले. १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी जहाजांची रांग लागली, शाळकरी मुलांना खलाशी पोशाख चढले, कारखान्यांना कामे मिळाली. आणि ज्या ब्रिटनशी जर्मनीचे पिढीजात वैर नव्हते, तो ब्रिटन शत्रूच्या गोटात ढकलला गेला. १९०६ मध्ये ब्रिटनने ड्रेडनॉट ही युद्धनौका पाण्यात सोडली. तिच्यापुढे जुनी सगळी जहाजे निकामी ठरली, आणि स्पर्धा नव्याने सुरू झाली.

परराष्ट्र धोरणातही तेच झाले. चॅन्सेलर बिस्मार्कने रशियाला कधी हातचे जाऊ दिले नव्हते. १८९० मध्ये तो पदावरून गेला आणि रशियाशी असलेला गुप्त करार पुढे चालवायचा नाही असे नव्या मंडळींनी ठरवले. चार वर्षांत रशिया आणि फ्रान्स मित्र झाले. १९०४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातली जुनी भांडणे मिटली, १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशिया यांची. इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट इथे कोणाचा पाय कुठवर, हे त्या दोघांनी ठरवून घेतले. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची काळजी कमी व्हावी हा ब्रिटनचा मुख्य हेतू होता. जर्मनीला मात्र यात आपल्याभोवती आवळला जाणारा फास दिसला, जरी त्याची दोरी बरीचशी त्यानेच वळली होती.

रशिया १९१७ पर्यंत लष्कराचा मोठा विस्तार पूर्ण करणार होता. फ्रेंच कर्जातून पोलंडच्या दिशेने लोहमार्ग टाकले जात होते. म्हणून जर्मन सेनापती मोल्टके याचे म्हणणे होते की युद्ध व्हायचेच असेल तर आत्ताच होऊ दे, दोन-तीन वर्षांनी उशीर झालेला असेल. चॅन्सेलर बेटमान-होलवेग तर निराशेत बुडाला होता. होहेनफिनोच्या आपल्या वाडीत नवी झाडे लावण्यात अर्थ नाही, थोड्याच वर्षांत इथे रशियन येतील, असे तो म्हणाल्याचे सांगितले जाते. एका बलाढ्य देशाच्या सरकारचा प्रमुख झाड लावायला धजत नव्हता. ५ जुलैचा तो शब्द या मनःस्थितीतून आला.

आणि ज्या रशियाची एवढी धास्ती, तो आतून पोखरलेला होता. १९०५ मध्ये जपानकडून हार खाऊन आणि क्रांतीचा तडाखा सोसून तो कसाबसा उभा राहिला होता. त्याच्या धान्य-निर्यातीचा मोठा भाग तुर्कस्तानच्या ताब्यातल्या सामुद्रधुनीतून जाई, म्हणून बाल्कनमध्ये काय होते हा त्याच्या तिजोरीचा प्रश्न होता. १९०८ चा अपमान पुन्हा गिळला तर स्लावांचा पाठीराखा ही उरलीसुरली प्रतिष्ठाही जाईल, असे झारच्या मंत्र्यांना वाटे. एका माणसाने मात्र वेळेवर सावध केले होते. माजी गृहमंत्री दुर्नोव्हो, कट्टर राजनिष्ठ, याने फेब्रुवारी १९१४ मध्ये झारला लेखी कळवले की जर्मनीशी युद्ध झाले आणि ते अंगावर आले तर रशियात सामाजिक क्रांती अटळ आहे. जुलैमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष पोआंकारे सेंट पीटर्सबर्गला मेजवान्या घेत होते, तेव्हाच त्या शहरातले कामगार संपावर होते आणि रस्त्यांत अडथळे रचले जात होते. ३० जुलैला झारने सर्व सैन्य जमवण्याच्या हुकमावर सही केली. आदल्या दिवशी एकदा सही करून त्याने ती मागेही घेतली होती.

पॅरिस आणि लंडन यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. १८७१ मध्ये गमावलेल्या आल्सेस-लोरेनची सल फ्रान्सच्या मनात होती. पण त्यापेक्षा मोठी चिंता पाळण्यांची होती. चार कोटींचा फ्रान्स साडेसहा कोटींच्या जर्मनीसमोर उभा होता, म्हणून १९१३ मध्ये सक्तीची लष्करी सेवा तीन वर्षांची केली गेली, आणि रशियाचा हात सोडणे फ्रान्सला आत्मघाताचे वाटू लागले. लंडनचे लक्ष आयर्लंडमध्ये अडकले होते. २४ जुलैला मंत्रिमंडळ अल्स्टरच्या कोणत्या गावाची हद्द कुठे, यावर डोके फोडत होते. त्याच बैठकीत परराष्ट्रमंत्री ग्रे याने सर्बियाला गेलेल्या खलित्याचा मजकूर वाचून दाखवला. ब्रिटन कोणाच्या बाजूने उभा राहील हे त्याने ना मित्राला स्पष्ट सांगितले ना शत्रूला. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या, तेव्हा बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहाचा आधार घेऊन ब्रिटन युद्धात उतरला.

वसाहतींसाठी झालेले हे युद्ध, असे एक स्पष्टीकरण आपल्याकडे लोकप्रिय आहे आणि लेनिनने १९१६ मध्ये त्याला मोठा आधार दिला. साम्राज्यांची हाव खरीच होती, पण हे स्पष्टीकरण पुरते नाही. आफ्रिका आणि आशियातल्या मुलखांवरून ब्रिटनचे खरे भांडण फ्रान्सशी आणि रशियाशी होते, आणि नेमके तेच त्याचे मित्र झाले. वसाहतींनी दुसरी एक घातक गोष्ट केली. बळ असेल त्याने दुर्बळाला खावे, हा निसर्गाचा नियमच आहे, असे त्यांनी युरोपातल्या सुशिक्षितांना शिकवले. आफ्रिकेत हा नियम चालवून घेणारे लोक तो बेल्जियमच्या दारात आला तेव्हा हादरले.

लष्करी यंत्रणेने या भीतीला वेग दिला. जर्मनीच्या योजनेत एकच वाट होती: बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवायचे, मग रशियाकडे वळायचे. त्यासाठी रेल्वेचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने बांधलेले होते. कोलोनच्या पुलावरून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दर दहा मिनिटांच्या अंतराने लष्करी गाडी ऱ्हाइन ओलांडत होती. १ ऑगस्टच्या संध्याकाळी ब्रिटन तटस्थ राहील अशी चुकीची बातमी आली आणि कैसरला वाटले की सगळे सैन्य पूर्वेला वळवावे. मोल्टकेने सांगितले की आता ते शक्य नाही. रेल्वे विभागातला अधिकारी श्टाब याने पुढे पुस्तक लिहून दाखवले की ते शक्य होते. लाखो माणसांचे मरण-जगणे त्या संध्याकाळी एका वेळापत्रकावरच्या श्रद्धेने ठरले.

आणि लोक? जुलैच्या अखेरीस जर्मनीच्या शहरांत लाखो कामगार युद्धाविरुद्ध रस्त्यावर आले होते. फ्रान्समध्ये जाँ जोरेस हा समाजवादी पुढारी शांततेसाठी जिवाचे रान करत होता. ३१ जुलैच्या रात्री पॅरिसच्या एका कॅफेत तो जेवत असताना एका माथेफिरू राष्ट्रवाद्याने त्याला खिडकीतून गोळी घातली. ३ ऑगस्टला जर्मन समाजवादी पक्षाच्या खासदारांची बंद दाराआड बैठक झाली आणि ७८ विरुद्ध १४ मतांनी युद्धखर्चाला पाठिंबा द्यायचे ठरले. झारचे कोसाक बर्लिनवर येतील ही भीती त्यांच्यातही होतीच. दुसऱ्या दिवशी संसदेत पाठिंब्याचे निवेदन वाचले हासे याने, जो आतल्या बैठकीत विरोधात बोलला होता. शिस्त म्हणून वाचले. जगातल्या कामगारांची एकजूट त्या एका दुपारी मोडली, आणि मला ही घटना सारायेव्होपेक्षा जास्त दुःखाची वाटते.

दोष कोणाचा, हा वाद आजही मिटलेला नाही. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमाने तो जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकला. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच आपल्या राज्यकर्त्यांचा विस्तारवाद कागदपत्रांसह पुढे आणला आणि मायदेशात रोष ओढवून घेतला. २०१२ मध्ये क्रिस्टोफर क्लार्कने सगळेच झोपेत चालत युद्धात गेले अशी मांडणी केली. माझे मत फिशरच्या जवळचे आहे. व्हिएन्नाला युद्ध हवे होते आणि बर्लिनने ते शक्य केले, हा भार कमी होत नाही. पण झोपेत कोणीच नव्हते. प्रत्येक राजधानीत मूठभर माणसे टक्क जागी होती. आज लढलो नाही तर उद्या उशीर होईल असा हिशोब त्यांनी मांडला, आणि त्या हिशोबात प्रजेचे प्राण खर्चाच्या बाजूला लिहिले.

हिंदुस्थानला तर कोणी हिशोबातही विचारले नाही. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले त्याला सारायेव्होच्या दिवशी बारा दिवस झाले होते. ऑगस्टमध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या कारभाराने देश युद्धात ओढला गेला. कोणत्याही हिंदी प्रतिनिधीचे मत त्यासाठी घेतले गेले नाही. त्याच जूनमध्ये ब्रिटिश संसदेने इराणच्या तेल कंपनीत मोठा सरकारी हिस्सा घ्यायला मंजुरी दिली होती, आणि आबादानचे ते तेल राखण्यासाठी पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबरमध्ये मुंबईहून निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. पुढे १०३ आणि ११० या मराठा पलटणीही मेसोपोटेमियात गेल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा गावात तुर्कांनी त्यांना वेढले. अन्न संपले, घोडे कापून खायची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी ते मांस शिवायलाही नकार दिला. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजार लोक शरण गेले. त्यांतले कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात या युद्धाची आठवण दगडावर कोरलेली आहे. त्या एका गावातली ४६ माणसे परत आली नाहीत.